लॅन पोर्ट असलेला टीव्ही वायफायवर आणता येतो, त्यासाठी तो बदलू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांची पाने ‘जुना टीव्ही द्या, नवा न्या’ अशा जाहिरातींनी भरून जातात. टीव्ही बदलायला निघालेल्या कितीतरी घरांची तक्रार एकच असते: चित्र उत्तम आहे, आवाज उत्तम आहे, पण त्याला वायफाय नाही. तेवढ्या एका कारणासाठी चांगले पॅनेल भंगारात जाताना पाहवत नाही. बहुतेक वेळा जी उणीव हजार-दोन हजारांच्या आसपासच्या, वायफाय पकडून ते केबलने टीव्हीला देणाऱ्या एका लहानशा डबीने भरून निघते, तिच्यासाठी माणसे चाळीस हजार मोजतात. दुकानात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, आणि सांगितली तरी अर्धवट. म्हणून हे पत्र तपशिलाने लिहीत आहे. थोडे लांबले आहे, पण शक्य तर पूर्ण छापावे.

आधी यंत्राची पाठ पाहावी. टेलिफोनच्या खाचेसारखी, पण तिच्याहून रुंद आणि आत आठ पिना असलेली चौकोनी खाच म्हणजे लॅन पोर्ट, तारेने इंटरनेट घेण्याची जागा. २०१० ते २०१३ च्या सुमारास ‘इंटरनेट टीव्ही’ म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याच संचांना तो होता, वायफायचा जोड मात्र वेगळा विकत घ्यावा लागे. एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलच्या २०१० पूर्वीच्या मॉडेलांचेही तसेच होते. त्या काळातले अनेक ब्लू-रे प्लेअर, होम थिएटरचे रिसीव्हर आणि मीडिया प्लेअर याच वर्गात मोडतात. आणखी एक मोठा वर्ग सहसा लक्षात घेतला जात नाही: ज्या स्मार्ट टीव्हीतला वायफायचा मॉड्यूल बिघडला आहे आणि बदली भाग मिळत नाही, असे संच. त्यांचा लॅन पोर्ट शाबूत असतो. पुढे जे लिहिले आहे ते त्यांनाही जसेच्या तसे लागू पडते. एक खबरदारी मात्र घ्यावी. हॉटेलांसाठी बनवलेल्या काही टीव्हींवर हुबेहूब अशीच खाच दुसऱ्या कामासाठी दिलेली असते. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ हा विभाग आणि त्यात ‘वायर्ड’ किंवा ‘केबल’ हा पर्याय आहे ना, हे आधी बघावे.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक फुकटची चाचणी करावी. राउटर तात्पुरता टीव्हीजवळ आणावा किंवा टीव्ही राउटरजवळ न्यावा, आणि दोन्ही साध्या लॅन केबलने थेट जोडावेत. केबल खोचल्यावर पोर्टाजवळचा किंवा राउटरवरचा दिवा लागला पाहिजे आणि टीव्हीने राउटरकडून आपला नेटवर्कवरचा पत्ता (ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे) आपोआप घेतला पाहिजे. हवे असलेले काम, मग ते यूट्यूब असो, इंटरनेट रेडिओ असो की मोबाइलवरून गाणे पाठवणे असो, या थेट केबलवर चालले तरच पुढची खरेदी करावी. केबलवर जे चालत नाही ते वायफायवरही चालणार नाही. ही दहा मिनिटांची चाचणी टाळल्यामुळे लोक डबी आणतात, ती व्यवस्थित जोडतात आणि तरीही यूट्यूब उघडत नाही म्हणून डबीला दोष देतात.

यूट्यूब न उघडण्यामागची कारणे डबीत नसतातच. यूट्यूबने आपली जुनी जोडणीपद्धत एप्रिल २०१५ मध्ये बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचे यूट्यूब कायमचे गेले. नेटफ्लिक्सनेही १ डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या संचांना सेवा देणे थांबवले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ नावाचे मूळ सुरक्षा प्रमाणपत्र कालबाह्य झाले. ज्या जुन्या यंत्रांना त्याच्या जागचे नवे प्रमाणपत्र माहीत नव्हते, त्यांना पुष्कळ संकेतस्थळे ओळखू येईनाशी झाली. आणि एक अगदी साधे कारण म्हणजे टीव्हीतली तारीख. वीज गेल्यावर काही संच तारीख विसरून कित्येक वर्षे मागे जातात. प्रमाणपत्राची मुदत तारखेवर तपासली जात असल्यामुळे सगळी ॲप एकदम ‘जोडणी होऊ शकली नाही’ म्हणू लागतात. तारीख-वेळ दुरुस्त केली की काम होते.

म्हणून आपल्याला नेमके काय हवे आहे हे आधी ठरवावे. फक्त मालिका, सिनेमे आणि यूट्यूब पाहायचे असेल आणि टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल, तर लॅनच्या मागे लागू नये. फायर टीव्हीसारखी स्टिक एचडीएमआयला लावावी, तिचे वायफाय तिच्यातच असते. लॅन पोर्टला वायफायवर आणणे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते रिसीव्हरवर इंटरनेट रेडिओ किंवा एअरप्लेने (ॲपलच्या फोनवरून वायफायने) पाठवलेली गाणी ऐकणाऱ्यांना, घरातल्या संगणकावरचे व्हिडिओ मीडिया प्लेअरवर पाहणाऱ्यांना, गेम कन्सोलवाल्यांना, ब्लू-रे प्लेअर अद्ययावत करणाऱ्यांना, लॅन पोर्ट असलेला सेट टॉप बॉक्स वापरणाऱ्यांना आणि वर सांगितलेल्या, वायफाय बिघडलेल्या स्मार्ट टीव्हीच्या मालकांना.

आता सर्वांत जास्त पैसे जिथे वाया जातात त्याकडे वळतो. टीव्हीला यूएसबी पोर्ट दिसतो, बाजारात नखाएवढा यूएसबी वायफाय डोंगल मिळतो, तेव्हा तो खोचला की झाले, असे गिऱ्हाइकाला वाटते आणि दुकानदारही तसेच सांगतो. पण टीव्ही म्हणजे संगणक नव्हे. डोंगलमधल्या चिपशी बोलायला ड्रायव्हर लागतो आणि तो टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने आधीच घातलेला असावा लागतो, बाहेरून टाकता येत नाही. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापला जोड काढला होता: सोनीचा यूडब्ल्यूए-बीआर१००, सॅमसंगचा डब्ल्यूआयएस०९एबीजीएन, एलजीचा एएन-डब्ल्यूएफ१००, पॅनासॉनिकचा डीवाय-डब्ल्यूएल१०. यातला प्रत्येक जोड फक्त आपल्या कंपनीच्या ठरावीक मॉडेलांवर चालतो. आज ते मिळाले तर जुन्या साठ्यातले किंवा वापरलेले मिळतात, आणि सुरक्षेची नवी डब्ल्यूपीए३ पद्धत त्यांना समजत नाही. सर्वसाधारण यूएसबी डोंगल टीव्हीला लावण्यासाठी घेऊच नये.

लॅन पोर्टाला असल्या ड्रायव्हरची गरज नसते. त्याला केबलच्या पलीकडे कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते, सरळ इथरनेट, म्हणजे तारेवरचे नेटवर्क, मिळाले की पुरे. म्हणून मधे अशी डबी हवी जी एका बाजूने घरच्या वायफायला मोबाइलसारखी जोडली जाईल आणि दुसऱ्या बाजूने लॅनची खाच देईल. या कामाला कोणी ‘क्लायंट मोड’ म्हणतात, कोणी ‘वायरलेस ब्रिज’, कोणी ‘मीडिया ब्रिज’, तर कोणी ‘अडॅप्टर मोड’. काम एकच आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८०२एन हा तळहाताएवढा राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर हे करतो, टीएल-डब्ल्यूआर९०२एसी ५ गिगाहर्ट्झवरही करतो. वायफाय पकडून पुढे पसरवणारे, भिंतीच्या सॉकेटात बसणारे रेंज एक्स्टेंडरही चालतात, अट एवढीच की त्यांना लॅन पोर्ट असला पाहिजे. स्वस्तातल्या काही एक्स्टेंडरना तो नसतो आणि खोक्यावरच्या चित्रात ते चटकन कळत नाही, तेव्हा खालची बाजू पाहूनच घ्यावा. कपाटात पडलेल्या जुन्या राउटरमध्ये ‘क्लायंट’, ‘ब्रिज’ किंवा ‘रिपीटर’ असा पर्याय असेल तर नवे काही घेण्याचीही गरज नाही.

इथे शब्दांचा एक घोळ आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय जोडणी जमत नाही. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ हे बरोबर उलटे काम आहे: ते केबलमधून इंटरनेट घेते आणि वायफाय पसरवते. टीव्हीला तो मोड लावून बसलेली घरे खूप असतात. डबीचे सगळे दिवे लागतात आणि टीव्हीला काहीच मिळत नाही. दुसरा फसवा पर्याय ‘हॉटस्पॉट’ किंवा ‘डब्ल्यूआयएसपी’ मोडचा. त्यात इंटरनेट येते, पण डबी स्वतःच एक वेगळे छोटे जाळे तयार करते आणि टीव्ही त्याच्या आत बंदिस्त होतो. यूट्यूब चालते, पण मोबाइलला टीव्ही दिसत नाही, एअरप्ले लागत नाही, संगणकावरचे सिनेमे सापडत नाहीत. मात्र वसतिगृहात किंवा जिथे वायफायवर आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावे लागते अशा ठिकाणी हाच मोड उपयोगी पडतो. टीव्हीवर लॉगिनचे पान उघडणे कठीण, पण डबीला जोडलेल्या मोबाइलवरून एकदा लॉगिन केले की सहसा तिच्यामागची सगळी यंत्रे चालू होतात.

प्रत्यक्ष जोडणी टीव्हीमागे वाकून करू नये. डबी टेबलावर, राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवून आधी पूर्ण तयार करावी. ती तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवर चालवावी. अशा डब्यांना साधारण ५ व्होल्ट, १ अँपिअर लागतात. टीव्हीचा साधा यूएसबी २.० पोर्ट नियमाने ०.५ अँपिअर देतो, त्यामुळे डबी सुरू झाल्यासारखी दिसते आणि डेटा वाढला की पुन्हा पुन्हा बंद होते. शिवाय टीव्ही रिमोटने बंद केला की बऱ्याच संचांत यूएसबीची वीजही जाते. मग टीव्ही लावल्यावर डबी उठून वायफायला जोडली जाईपर्यंत मिनिटभर जाते, तेवढ्यात टीव्हीने ‘नेटवर्क नाही’ असे जाहीर केलेले असते.

डबीच्या पोटावर एक स्टिकर असतो. त्यावर तिचे सुरुवातीचे वायफाय नाव, पासवर्ड आणि सेटिंगचे पान उघडण्याचा पत्ता दिलेला असतो. मोबाइलने सेटिंग करणार असाल तर आधी मोबाइल डेटा बंद करावा. डबीकडे अजून इंटरनेट नसल्यामुळे फोन आपणहून डेटावर उडी मारतो आणि पान उघडतच नाही. पान उघडले की पहिल्यांदा सेटिंगचा पासवर्ड बदलून घ्यावा, मग ‘क्लायंट’ मोड निवडावा, ‘स्कॅन’ किंवा ‘सर्व्हे’वर जाऊन आपल्या घरचे नाव निवडावे आणि पासवर्ड टाकावा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे धरला जातो, आणि पासवर्डमध्ये रिकामी जागा किंवा विचित्र चिन्हे असतील तर काही जुन्या डब्या अडखळतात. घरचे नाव यादीत आले पण जोडणी होत नसेल, तर राउटरमध्ये सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ अशी नाही ना, हे पाहावे. ‘डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ मिश्र’ असे ठेवले की जुनी डबी सहसा जोडली जाते. सुरक्षाच काढून टाकणे किंवा जुनाट डब्ल्यूईपीवर जाणे मात्र कधीही करू नये.

सेव्ह केल्यावर डबी पुन्हा सुरू होते आणि इथून पुढे तिचे सेटिंगचे पान पूर्वीच्या पत्त्यावर उघडेनासे होते. ती बिघडली, असे समजून लोक परत करतात. खरे कारण असे की क्लायंट मोडमध्ये पत्ते वाटण्याचे काम डबी सोडून देते आणि घरचा राउटर ते करतो. डबीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.२५४ सारखा काहीतरी होतो. पुन्हा आत जायचे असेल तर लॅपटॉप लॅन केबलने डबीला जोडून त्याला हाताने १९२.१६८.०.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा, मग डबीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा (अंक अर्थात इंग्रजी कळांनी). ते जमत नसेल तर पिनेने रिसेटचे बटण दहा सेकंद दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, सारे मिळून पाच मिनिटांचे काम आहे. जुना राउटर वापरत असाल तर त्याचा पत्ता आणि घरच्या राउटरचा पत्ता एकच नाही हे अवश्य बघावे. दोघेही १९२.१६८.१.१ असतील तर जोडणी कधी चालते, कधी चालत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

आता डबी टीव्हीजवळ न्यावी, लॅन केबल खोचावी आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘वायर्ड’ व ‘ऑटोमॅटिक’ निवडावे. टीव्हीच्या दृष्टीने हे तारेचेच नेटवर्क असल्यामुळे तिथे वायफायचे नाव किंवा पासवर्ड विचारला जाणार नाही. पहिल्या वेळी आणि वीज गेल्यानंतरही क्रम पाळावा: आधी राउटर, मग डबी, तिचा दिवा स्थिर झाल्यावर टीव्ही.

चालले नाही तर टीव्हीच्या ‘नेटवर्क स्टेटस’मधला पत्ता वाचावा. नव्वद टक्के निदान तिथेच होते. ०.०.०.० दिसत असेल तर बहुधा केबलच पोचलेली नाही: ती सैल असेल, तिची क्लिप तुटली असेल किंवा डबी बंद असेल. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर केबल ठीक आहे, पण डबी घरच्या वायफायला जोडली गेलेली नाही, कारण राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे टीव्हीने स्वतःच मनाने एक घेतला आहे. पासवर्ड किंवा सिग्नल पाहावा. १९२.१६८ ने सुरू होणारा, आपल्या मोबाइलच्या पत्त्याशी ठिपक्यांमधले पहिले तीन आकडे जुळणारा पत्ता आला आणि तरी इंटरनेट नाही, तर टीव्हीची तारीख तपासावी आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून पाहावा. पहिले तीन आकडे मोबाइलशी जुळत नसतील तर डबी क्लायंट मोडमध्ये नसून डब्ल्यूआयएसपी किंवा राउटर मोडमध्ये आहे.

ज्यांनी राउटरमध्ये ‘मॅक फिल्टर’ लावून ठरावीक यंत्रांनाच प्रवेश दिला आहे, त्यांना एक वेगळीच अडचण येते. ते टीव्हीचा मॅक पत्ता, म्हणजे कंपनीने यंत्राला दिलेला ओळखक्रमांक, यादीत घालतात आणि तरी दार उघडत नाही. वायफायवरून राउटरला जाणाऱ्या माहितीच्या साध्या पाकिटात तीनच पत्त्यांची जागा असते: पाठवणाऱ्या रेडिओचा, राउटरचा आणि शेवटच्या ठिकाणाचा. मागे बसलेल्या टीव्हीच्या पत्त्याला चौथी जागा लागते, आणि ती सहसा एकाच बनावटीच्या दोन यंत्रांत विशेष व्यवस्था असेल तरच मिळते. म्हणून साधी डबी टीव्हीच्या पत्त्याच्या जागी आपला स्वतःचा पत्ता लावून पाकीट पुढे पाठवते, आणि राउटरला टीव्हीऐवजी डबीच दिसते. यादीत डबीचा पत्ता घालायचा. विंडोजच्या लॅपटॉपवर वायफाय आणि लॅन यांचा ‘ब्रिज’ केला की तो बहुधा चालत नाही, त्याचेही मूळ इथेच आहे. लॅपटॉपने तात्पुरते भागवायचे असेल तर ब्रिज न करता ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ वापरावे. तेव्हा टीव्हीला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. एखादा सामना पाहण्यापुरते ते ठीक, रोजच्यासाठी नाही.

मोबाइलला टीव्ही किंवा रिसीव्हर दिसत नसेल तर दोघे एकाच जाळ्यावर आहेत ना, हे पाहावे. डबी राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कला जोडली असेल तर तिथली यंत्रे सहसा एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. ज्या जुन्या यंत्राला कंपनीकडून सुरक्षा अद्यतने येणे कधीच थांबले आहे आणि ज्याला फक्त इंटरनेट हवे आहे, त्याला मात्र मी गेस्टवरच ठेवायला सांगेन.

जागेबद्दल. या पद्धतीचा मोठा फायदा असा की रेडिओ टीव्हीच्या आत नसून केबलच्या टोकाला आहे. टीव्हीच्या पाठीचा पत्रा आणि मागची भिंत यांच्यामध्ये डबी कोंबली तर हा फायदा हातचा जातो. दोन-तीन मीटरची केबल घेऊन ती शोकेसच्या वर किंवा बाजूला, राउटरच्या दिशेने मोकळी ठेवावी. आपल्या घरांत सिग्नल अडवणाऱ्या वस्तू ठरलेल्या: काँक्रीटचा स्लॅब आणि कॉलम, लोखंडी कपाट, फ्रीज, माळ्यावरची पाण्याची टाकी, मोठा आरसा. डबीच्या सेटिंगमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो. तो शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, व्हिडिओसाठी उणे ६७ पर्यंत चालतो, उणे ७५ च्या खाली गेला की चित्र थांबू लागते. डबी हातभर सरकवली तरी पाच-सहा आकड्यांचा फरक पडू शकतो, तेव्हा हे मोजून बघणे सार्थकी लागते.

२.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून चांगला जातो, पण सोसायटीत शेजाऱ्यांच्या वीस-वीस राउटरांची तिथेच गर्दी असते. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. तो वापरायचा झाला तर राउटरवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल (पट्ट्याचा एक भाग) ठेवावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मधे एकच भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडावा. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला आणि नवे राउटर वरचे चॅनेलही वापरू लागले. जुन्या किंवा परदेशातून आणलेल्या काही डब्यांना ते चॅनेल माहीतच नसतात. मोबाइलला घरचे ५ गिगाहर्ट्झ दिसते आणि डबीच्या यादीत ते येतच नाही, असे झाले तर डबीला नावे न ठेवता राउटरचा चॅनेल ३६ ते ४८ मध्ये आणावा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घ्यावे लागतात. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि सिनेमा मधेच अडतो.

वेगाची काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटचा असतो, स्वस्त डब्यांचाही. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४के साठी १५ मेगाबिट मागतो. म्हणजे १०० चा पोर्ट पुरून उरतो, अडते ते सिग्नलवर. एक्स्टेंडरने वेग निम्मा होतो हे खरे आहे, पण ते त्याने पुन्हा हवेतून पसरवलेल्या वायफायवर, कारण एकाच रेडिओला घेणे आणि देणे दोन्ही करावे लागते. त्याच्या लॅन पोर्टाला जोडलेल्या टीव्हीसाठी हवेतला टप्पा एकच असतो, त्यामुळे ती घट होत नाही. एक्स्टेंडर फक्त टीव्हीसाठी वापरणार असाल आणि त्यात सोय असेल, तर त्याचे पुढे पसरवणे बंद करावे, शेजारच्या हवेतली गर्दीही तेवढी कमी होते.

आणि राउटर व टीव्ही एकाच खोलीत असतील तर हे सारे सोडून सरळ केबल टाकावी, तिच्याइतके भरवशाचे काही नाही. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. आत शुद्ध तांबे आहे ना हे विचारून घ्यावे, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार वाकवताना तुटते. टोके करताना दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ती विजेच्या तारांच्याच पाइपातून ओढू नये. विजेच्या वायरिंगवरून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन जोडही मिळतात, पण थ्री-फेज घरात दोन खोल्या वेगळ्या फेजवर असल्या, मधे इन्व्हर्टर असला किंवा जोड स्पाइक गार्डमध्ये खोचला, तर वेग कोसळतो. डिशची जाड केबल घरभर आहे म्हणून तिच्यावरून इंटरनेट नेण्याचा विचारही काहीजण करतात. तिच्यावर छत्रीकडे जाणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल असतो, तेव्हा तिला हात लावू नये.

आपल्या वर्तमानपत्राद्वारे माझ्या दोन मागण्या आहेत. एक्स्टेंडर आणि छोटे राउटर विकणाऱ्या कंपन्यांनी खोक्याच्या दर्शनी बाजूवर दोन ओळी मराठीत छापाव्यात: लॅन पोर्ट आहे की नाही, आणि तारेचे यंत्र वायफायला जोडता येते की नाही. आज ही माहिती आतल्या पुस्तिकेच्या बाराव्या पानावर बारीक अक्षरात सापडते. आणि घरोघरी ब्रॉडबँड जोडून देणाऱ्या मंडळींनी, काम संपवून निघण्यापूर्वी, दिवाणखान्यातल्या टीव्हीची पाठ एकदा पाहावी. त्यांच्याकडे केबल असते, क्रिम्पिंगचे हत्यार असते आणि घरचा पासवर्ड त्यांनीच नुकताच टाकलेला असतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना हे वीस मिनिटांचे काम करून देणारे दुसरे कोणी नसते.

ज्यांनी जोडणी करून घेतली त्यांनी डबीच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवावी: मोड कोणता, डबीचा पत्ता काय, सेटिंगचा पासवर्ड कुठे लिहून ठेवला आहे. घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला की डबीतही तो बदलावा लागतो, आणि त्या दिवशी टीव्ही बंद पडला म्हणून दुकानात फोन करण्याआधी ही चिठ्ठी वाचली जाईल.

आपला,
एक वाचक, ठाणे